नाताळची गाणी आणि 'क्वीन'ची गाणी : आमची क्रमवारी

डिसेंबर लागला की गोव्यात घराघरांवर नक्षत्रांचे कंदील लागतात, शेजारच्या ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, बेबिंकची ताटे येतात, आणि आपल्या मंडळात वर्षअखेरच्या कार्यक्रमाला कोणती गाणी घ्यायची यावरून वाद सुरू होतो. ज्येष्ठ सभासदांना नाताळची जुनी गाणी हवी असतात. तरुण मुलांना 'क्वीन' हवा असतो. म्हणून दोन्हींची क्रमवारी आम्ही माहितीसह येथे देत आहोत. वाद मिटावा हा हेतू नाही. तो निदान गाणी ऐकून आणि माहिती घेऊन व्हावा, एवढेच.

दोन्ही याद्या एका लेखात घेण्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात विक्रीच्या यादीत पहिले कोण येते, ही मोठ्या प्रतिष्ठेची गोष्ट मानतात. तो मान 'क्वीन'ने एकाच ध्वनिमुद्रणावर दोनदा मिळवला, तोही 16 वर्षांच्या अंतराने आणि तोही नाताळशी काडीचा संबंध नसलेल्या गाण्यावर.

आमचे निकष साधे. शब्द काढून टाकले तरी चाल उरते का? भरल्या सभागृहाला ते म्हणता येते का? आणि दरवर्षी ऐकूनही ते शिळे होत नाही का? विक्रीचे आकडे दिले आहेत, पण त्यांवरून क्रम लावलेला नाही.

नाताळच्या यादीत पहिले 'सायलेंट नाइट', आणि यावर कोणाचेही दुमत झाले नाही. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात 24 डिसेंबर 1818 रोजी ते प्रथम गायले गेले. कविता योसेफ मोर या तरुण धर्मगुरूची, दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. चाल फ्रांत्स ग्रुबर या शाळामास्तरांची. दोघांनीच गिटारच्या साथीने ते गायले. उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला आधार नाही. 1914 च्या नाताळात पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी हेच गाणे आपापल्या भाषेत म्हटले, याला मात्र आहे. आपल्या तबलजींना सांगायचे तर सहा मात्रांचा संथ दादरा. पेटीवर दहा मिनिटांत बसते.

दुसऱ्या क्रमांकावर 'व्हाइट ख्रिसमस' घेतले तेव्हा काहींनी हरकत घेतली की माडांच्या गावात बर्फाचे गाणे कशाला? या हरकतीचे उत्तर त्या गाण्यातच आहे. ते लिहिणारे आयर्विंग बर्लिन हे रशियातून लहानपणी अमेरिकेत आलेले ज्यू. गाण्याला मूळ एक प्रास्ताविक कडवे आहे, जे हल्ली बहुतेक गायक गाळतात. त्यात गाणारा लॉस एंजेलिसच्या उन्हात, ताडमाडांच्या झाडांखाली उभा राहून उत्तरेकडच्या बर्फाची आठवण काढतो. म्हणजे हे बर्फाचे नव्हे, बर्फापासून दूर असलेल्या माणसाचे गाणे आहे. घर एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हा अनुभव आपल्या मंडळातल्या किती कुटुंबांना आहे हे सांगायला नको. बिंग क्रॉस्बी यांनी ते 1942 मध्ये ध्वनिमुद्रित केले, त्याच वर्षी 'हॉलिडे इन' चित्रपटात आले आणि त्याला ऑस्कर मिळाले. परमुलखात लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी ते उचलून धरले. पाच कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज असून सर्वाधिक खपाची एकल तबकडी म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. प्रती काढून काढून मूळ मुद्रिका झिजली, म्हणून 1947 मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण करावे लागले. आज आपण बहुधा तेच ऐकतो.

तिसरे जॉन लेनन आणि योको ओनो यांचे 1971 चे 'हॅपी एक्समस'. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातले हे गाणे, पण त्यात भाषणबाजी नाही, कारण मागे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मुलांचा कोरस आहे. मुलांचा आवाज आला की भाषण आपोआप मागे पडते.

चौथ्या जागेवर 'व्हॅम!'चे 'लास्ट ख्रिसमस'. यावर मात्र वयानुसार सरळ दोन तट पडले. प्रेमभंगाचे गाणे, नाताळ निमित्तमात्र, असे ज्येष्ठांचे म्हणणे. तरीही ते घेतले, कारण जॉर्ज मायकेल यांनी ते लिहिले, गायले आणि त्यातली सगळी वाद्येही स्वतः वाजवली. 1984 मध्ये इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी निघालेल्या 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'मुळे ते दुसऱ्या क्रमांकावर अडले. ब्रिटनमध्ये प्रथमच पहिल्या स्थानावर पोचायला त्याला जानेवारी 2021 उजाडले. मायकेल त्याआधीच, 2016 च्या नाताळच्या दिवशी, वारले होते.

'जिंगल बेल्स' आम्ही बालविभागाकडे सोपवले. 1857 मध्ये जेम्स पिअरपाँट यांनी प्रसिद्ध केलेल्या या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही. आहे ती बर्फावरच्या घोडागाडीची मौज. अंतराळात वाजलेले पहिले गाणे मात्र हेच. डिसेंबर 1965 मध्ये 'जेमिनी 6'च्या अंतराळवीरांनी लपवून नेलेला माउथ ऑर्गन आणि घुंगरू काढून ते वाजवले होते.

आता 'क्वीन'. 1970 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बलसारा, पारशी घरातला. कुटुंब वलसाडकडचे, म्हणून आडनाव बलसारा. जन्म झांझिबारचा, 5 सप्टेंबर 1946. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातले. पियानोचे शिक्षण तिथलेच, आणि 1958 च्या सुमारास मित्रांसह काढलेला 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. त्यात तो गायचा नाही, पियानो वाजवायचा. एवढ्यावरून त्याला 'आपला मराठी मातीतला' म्हणून मिरवणे आम्हाला पटत नाही. प्रसिद्धी मिळाल्यावर तो स्वतः या दिवसांविषयी फारसे बोलत नसे. पण पाचगणीच्या टेबललँडवर गेलात तर मुलांना ही माहिती जरूर सांगावी.

पहिला क्रमांक आम्ही 'समबडी टू लव्ह'ला दिला आहे, आणि याबद्दल तरुण सभासदांचा रोष पत्करला आहे. 1976 चे हे गाणे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चच्या गॉस्पेल ढंगाचे. अरेथा फ्रँकलिन ही फ्रेडीची आवडती गायिका, तिचा ठसा त्यावर उघड आहे. शंभर जणांचा वाटणारा कोरस प्रत्यक्षात तीन जणांचा: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज एकावर एक चढवले. आशय म्हणाल तर कष्ट करून थकलेला माणूस देवालाच जाब विचारतो. नामदेव-जनाबाईंची विठ्ठलाशी भांडणे ऐकत वाढलेल्या कानांना यात परके काय वाटणार?

दुसरे अर्थातच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. 1975, लांबी 5 मिनिटे 55 सेकंद. इतके लांब गाणे रेडिओ लावणार नाही, असे जाणकारांचे मत होते. केनी एव्हरेट या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारात 14 वेळा लावले आणि प्रश्न संपला. सलग नऊ आठवडे, नाताळ धरून, ते पहिले राहिले. 24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्समुळे फ्रेडीचे निधन झाले. गाणे पुन्हा काढले गेले, पुन्हा नाताळात पहिले आले, आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. ते दुसरे ठेवण्याचे कारण एवढेच की मधला ऑपेराचा भाग सभागृहात म्हणायला गेलो की गोंधळ होतो. ते ऐकायचे गाणे.

म्हणायचे गाणे 'वी विल रॉक यू', 1977, तिसरे. दोनदा पाय आपटणे, एकदा टाळी. शेवटी गिटार येईपर्यंत दुसरे वाद्य नाही. एका कार्यक्रमात श्रोतेच गाऊ लागले, ते पाहून ब्रायन मे यांनी मुद्दाम श्रोत्यांसाठी ते रचले.

चौथे '39' अनेकांना ठाऊक नसेल. अंतराळात वर्षभर फिरून आलेल्यांना परतल्यावर दिसते की पृथ्वीवर शंभर वर्षे उलटली आहेत, घरचे कोणी उरलेले नाही. चाल अगदी लोकगीताची. लिहिणारे ब्रायन मे पुढे, 2007 मध्ये, खगोलभौतिकीत डॉक्टरेट झाले, म्हणजे विज्ञानही चोख. त्यांची गिटार त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच केलेली, मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. आणि ते ती सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतात. हस्तकलेच्या वर्गातल्या मुलांनी हे वाचावे.

पाचवे 'द शो मस्ट गो ऑन', 1991. आजाराने खचलेल्या फ्रेडीला एवढा चढा स्वर झेपेल का, अशी ब्रायन मे यांना शंका होती. ती त्याने गाऊन फेडली. हे गाणे कार्यक्रमात घेऊ नये असे आमचे मत, कारण ते दुसऱ्या कोणाच्या तोंडी नीट लागत नाही. त्यामागे डेव्हिड बोवीसोबतचे 'अंडर प्रेशर' आणि जॉन डीकन यांचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. 'रेडिओ गा गा'चा क्रम ठरलाच नाही: 13 जुलै 1985 च्या 'लाइव्ह एड'मध्ये वेम्ब्लीवर बहात्तर हजार लोकांनी एकदम वाजवलेल्या टाळ्यांचे चित्रण पाहिले की ते तिसरे वाटते, नुसते ऐकले की आठवे.

'क्वीन'चे स्वतःचे नाताळगीतही आहे, 'थँक गॉड इट्स ख्रिसमस', टेलर आणि मे यांनी रचलेले. निघाले 1984 मध्ये, म्हणजे नेमके वर सांगितलेल्या दोन गाण्यांच्या गर्दीत, आणि 21 व्या क्रमांकापुढे गेले नाही. 'क्वीन'च्या यादीत ते आम्ही घेतले नाही. नाताळच्या यादीत मात्र पाचवे दिले आहे, आणि यंदा युवा विभाग ते बसवतो आहे. पेटीवाल्यांनी रविवारच्या तालमीला यावे.