सोलापूर कोणाचे? सायकलीवरून विजापूरचा एक दिवस

चिंचोळी एमआयडीसीत सुट्टीचा दिवस होता. पहाटे सहा सायकली टेम्पोत चढवून आम्ही विजापूरकडे निघालो. टाकळीजवळ भीमा ओलांडली, पाट्यांवरची लिपी बदलली, आणि कारखान्यात काम करणाऱ्या एका मित्राने विचारले, "अफजलखान जिथून निघाला ते हे शहर. आपले तिथे काय?" मार्गदर्शक मी होतो, त्यामुळे उत्तर देणे भाग होते. त्या दिवशी थांब्याथांब्यावर दिलेले ते उत्तर या थ्रेडमध्ये मांडत आहे.

विजापूर सायकलीसाठीच वसवले असावे इतके सपाट आहे. तटबंदीचा घेर सुमारे १० किलोमीटर. बहुतेक प्रवासी पूर्वेकडच्या गोल घुमटापासून सुरुवात करतात. आम्ही पश्चिमेच्या तटापासून केली, कारण गोष्ट तटापासून सुरू होते, आणि तटाची गोष्ट सोलापुरापासून.

१५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला. सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचे ठरले होते. इस्माईलने तो दिला नाही. त्या एका न दिलेल्या हुंड्यापायी दोन्ही शाह्या पुढची चाळीस वर्षे पुन्हा पुन्हा लढत राहिल्या. अखेर विजयनगरविरुद्ध एकत्र येण्याची वेळ आली, तेव्हा तोडगा निघाला तोही लग्नाचाच, फक्त उलट्या दिशेने. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी पहिल्या अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्यासोबत सोलापूर विजापूरकडे आले. त्यानंतर २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली. आपण सायकल टेकवतो तो तट आणि शहरातली भव्य जामा मशीद ही याच नवरदेवाच्या कारकिर्दीतली बांधकामे. चांदबिबी आपल्याला अहमदनगरच्या बुरुजावर लढणारी म्हणून आठवते. पण तिचे राणीपण विजापूरचे होते, आणि १५८० नंतर बाल इब्राहिमच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला तोही येथेच.

पश्चिम तटावरच्या शेर्झा बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे. जबड्यात हत्ती धरलेल्या सिंहाच्या आकाराचे तोंड, वजन सुमारे ५५ टन. तीही अहमदनगरचीच. मुहम्मद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये ती ओतली. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तेथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापुरास आणली. पुणे उद्ध्वस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच हा मुरार जगदेव. वाटेत सीना आणि भीमा. एवढे धूड त्या काळात नद्यांपार कसे नेले असेल, यावर आमच्यातल्या क्रेन चालवणाऱ्या मित्राने बराच वेळ विचार केला. माझ्या व्याख्यानापेक्षा ती चर्चा रंगली. १८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली तेव्हा सर्वाधिक बोली १५० रुपयांची आली आणि विक्री रद्द झाली.

तटाबाहेर इब्राहिम रोजा. दुसऱ्या इब्राहिमची ही कबर मला गोल घुमटाहून अधिक आवडते. हा संगीतवेडा सुलतान, 'किताब-ए-नवरस'चा कर्ता. त्याने शहराच्या पश्चिमेला नवरसपूर वसवायला घेतले होते. १६२४ मध्ये मलिक अंबरने भातवडी जिंकली, नवरसपूर लुटले आणि लगोलग सोलापूरही घेतले. इब्राहिम १६२७ मध्ये वारला तेव्हा सोलापूर हातचे गेलेले होते.

तेथून शहर आडवे कापून गोल घुमट. येथे मुहम्मद आदिलशहा (१६२७–१६५६) पुरला आहे. १६३६ च्या तहाने शाहजहान आणि विजापूर यांनी निजामशाही वाटून घेतली. सोलापूर आणि परांडा विजापूरच्या वाट्याला आले, शहाजीराजेही आदिलशाही चाकरीत आले. विजापूरची दौलत शिगेला पोहोचलेल्या या वर्षांतच हा घुमट उभा राहिला. आतला व्यास सुमारे ३८ मीटर, आणि त्याचा सारा भार एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी पेलतात. सज्जात सगळे टाळ्या वाजवतात. एकदा मान वर करून त्या कमानी पाहाव्यात.

मग परत शहराच्या मध्याकडे, बारा कमानकडे. दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर. आपल्या घुमटाला मागे टाकील म्हणून बापानेच मुलाला मारले, असे तेथे सांगतात. बाप १६५६ मध्ये गेला, मुलगा १६७२ मध्ये. एवढ्या गणितावर ती कथा संपते. याच अलीने १६६८ मध्ये सोलापूरचा किल्ला तहात मोगलांना दिला. सोलापूर गेले म्हणून कमानी अपुऱ्या राहिल्या, असा दावा मी करणार नाही. राज्य आतून पोखरले होते, दख्खनी आणि पठाण सरदारांचे तट होते, आणि पश्चिमेला शिवाजी महाराज होते. तरी उत्तरेचे दार याच वर्षांत उघडे पडले.

त्या दारातून कोण आले, हे शेजारच्या गगन महालापाशी सांगितले. औरंगजेब मे १६८५ मध्ये सोलापुरात येऊन बसला. विजापूरचा वेढा चालू असताना तो वर्षभर तेथेच होता. जून १६८६ मध्ये तो स्वतः निघाला आणि १२ सप्टेंबरला सिकंदर आदिलशहा शरण आला. चौथ्या वर्षी गादीवर बसलेला हा सुलतान तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता.

भाषेचा मुद्दा मित्रानेच काढला. पहिल्या इब्राहिमच्या काळात (१५३४–१५५८) महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवले जाऊ लागले. इतिहासकार ती मुख्यतः मराठी मानतात. म्हणजे अफजलखान निघाला त्या शहराच्या दफ्तरात मराठी कारकून शंभर वर्षे बसत होते.

संध्याकाळी सायकली पुन्हा टेम्पोत चढल्या. औरंगजेबाच्या वाटेने, त्याच्या उलट दिशेला, आम्ही भीमा ओलांडली. चिंचोळीला जाण्याआधी मित्राने टेम्पो सोलापूरच्या भुईकोटापाशी थांबवायला लावला. आत जाण्याची वेळ संपली होती. तो खंदकाच्या बाजूने, तटाकडे पाहत, एक फेरी मारून आला.