व्यापारी मार्ग आखणारा नकाशा

जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, नागपुरात. भोवताली पिकणारा कापूस, जवळच मिळणारा कोळसा आणि १८६७ साली येथे पोहोचलेली रेल्वे, या तिन्ही सोयी नकाशावर नागपुरातच जुळून येत होत्या. ‘एलिट डेंजरस’ या २०१४ साली आलेल्या संगणकीय खेळात अंतराळातील व्यापाऱ्यालाही असाच हिशेब मांडावा लागतो.

खेळातील आकाशगंगेत सुमारे ४०० अब्ज ताराप्रणाली आहेत. त्यातून मार्ग निवडण्यासाठी नकाशाला फिल्टर लावले जातात. पहिला फिल्टर अर्थव्यवस्थेचा. खाणींच्या वस्तीतील खनिजे धातुशुद्धीकरणाच्या वस्तीत विकली जातात, तेथील धातू औद्योगिक वस्तीत खपतो आणि यंत्रसामग्री पुन्हा खाणींकडे नेता येते. अशा फेरीत जहाज रिकामे धावत नाही.

दुसरा फिल्टर ताऱ्यांच्या वर्गाचा. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांतील ताऱ्यांजवळच जहाजाला इंधन गोळा करता येते. वाटेत असा तारा नसेल, तर जहाज अडकून पडू शकते.

तिसरा निकष सुरक्षिततेचा. लुटारूंनी जहाज नष्ट केल्यास विम्याची ठरावीक रक्कम भरून जहाज परत मिळते. माल मात्र जातो. म्हणूनच अनुभवी खेळाडू सर्वाधिक नफ्याच्या मार्गापेक्षा तिन्ही निकषांवर उतरणारा मार्ग पसंत करतात.