संकेश्वरी आणि शेजवान

पुणे-बेंगळूर महामार्गावर निपाणी ते बेळगाव या पट्ट्यातल्या एखाद्या गावी संध्याकाळी उतरा, चायनीजची गाडी दिसतेच. भडकलेली शेगडी, तीवर मोठी कढई आणि फलकावर ‘शेजवान राइस’. ज्यांच्या घरी कांदा-लसूण मसाल्याशिवाय कालवण होत नाही, ती आमची पोरे हा भात ‘जरा झणझणीत करा’ म्हणून मागतात. जुनी मंडळी मात्र नाक मुरडतात. हे परक्यांचे खाणे म्हणतात. पण परके कोण आणि आपले कोण, हे सीमाभागातल्या माणसाने तरी घाईने ठरवू नये.

शेजवान म्हणजे सिचुआन. चीनच्या नैर्ऋत्येचा, डोंगरांनी वेढलेला, दमट हवेचा प्रांत. तिथले जेवण तिखटपणासाठी जगभर प्रसिद्ध आहे. मात्र ही प्रसिद्धी ज्या मिरचीवर उभी आहे, ती मिरची मूळची सिचुआनची नव्हे, आणि आपलीही नव्हे. ती अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घाटवाटांनी इकडे चढली असावी. तोवर आपले तिखट म्हणजे मिरी. म्हणून मराठीने या पाहुणीचे नाव मिरीवरूनच ठेवले. कन्नडनेही तेच केले. मिरी ती ‘मेणसु’, मिरची ती ‘मेणसिनकायी’.

गंमत अशी, की चिनी माणसानेही तेच केले. त्याचा जुना घरगुती मसाला म्हणजे ‘ह्वाज्याओ’. गाओ लियान या लेखकाने १५९१ साली मिरचीची नोंद केली, ती ‘फानज्याओ’, म्हणजे परदेशी ज्याओ, या नावाने. तेव्हा ते शोभेचे झाड होते. जेवणात तिला मान दिला तो डोंगराळ मुलखातल्या गरिबीने. सिचुआनशेजारच्या ग्वेझो प्रांतात मीठ दुर्मीळ. तिथले लोक मिठाऐवजी मिरची वापरतात, असे १७२२ सालच्या स्थानिक वृत्तांतात नमूद आहे. सिचुआनातली नोंद १७४९ सालची. कोरड्या भाकरीबरोबर ठेचा खाऊन दिवस काढलेल्या आपल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तो ह्वाज्याओही आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ हे त्याच वनस्पतिकुळातले, त्याचे भावंडच. दोन्हींनी जिभेला झिणझिण्या येतात. सिचुआनची खरी चव या बधिरपणाची आणि तिखटाची जोडी आहे. तिला तिकडे ‘माला’ म्हणतात. छंगडू शहराचा प्रसिद्ध मापो तोफू याच चवीचा.

आपल्या देशात हे जेवण आले ते श्रीमंतांच्या दारी. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७३ साली ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले आणि सिचुआनी पद्धत बड्या हॉटेलांतून पसरली. तिथून ती रस्त्यावर आली. पण उतरता उतरता ह्वाज्याओ वाटेतच गळाला. गाडीवरच्या शेजवान चटणीत भिजवलेली लाल मिरची, लसूण, आले आणि व्हिनेगर असते. म्हणजे जवळजवळ आपला ठेचाच. सिचुआनचे म्हणावे असे तीत उरले ते नाव.

इथे मला संकेश्वरी मिरचीची आठवण होते. हिरण्यकेशीच्या काठच्या संकेश्वरने या लांबट, लालभडक, जहाल मिरचीला नाव दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले, गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिले. मिरचीने ती रेघ मानली नाही. संकेश्वरचे नाव लावून ती आजही गडहिंग्लजच्या बाजारात विकली जाते आणि तिथून कोल्हापूरकडच्या मसाल्यांत उतरते. तिच्यावर हक्क कोणत्या राज्याचा, हे तिला कोणी विचारलेले नाही.

ही ओळख टिकवली ती शेतकऱ्याने. पिकातली चांगली फळे निवडायची, त्यांचे बी राखायचे, पुढच्या साली तेच पेरायचे. अमेरिकेतून आलेली मिरची ‘जवारी’, म्हणजे गावची, झाली ती अशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने. आज संकरित वाणांचे उत्पन्न जास्त, म्हणून जवारीचे क्षेत्र घटले आहे. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. त्यालाही घर चालवायचे असते. कर्नाटकातल्याच ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन कुणाचे शेत पेरून देत नाही.

तेव्हा गाडीवरचा भात पोरांनी खुशाल खावा. धास्ती परक्या पदार्थाची नाही. ह्वाज्याओ गेला तरी ‘शेजवान’ फलकावर राहिले. तसे बी गेले तरी ‘संकेश्वरी’ हे नाव मसाल्याच्या पुडीवर छापले जाईलच. यंदा मसाल्यासाठी मिरची घेताना ती कुठल्या शिवारातली, बी घरचे की विकतचे, एवढे विकणाऱ्याला विचारावे. जवारी असेल तर चार रुपये जास्त मोजावेत. पुढच्या साली बी राखायला त्याला कारण मिळेल.