कपाळावर दावा, हातात पिशवी

पायांकडे बघा. चपला गेल्या. अंगात बाराबंदी आहे, ती घामानं पाठीला चिकटली आहे आणि वैशाखाच्या उन्हात तुम्ही कृष्णाकाठच्या एका देवळापुढे उभे आहात. 17वं शतक चाललंय. मोबाईल शोधू नका. आज तुमची तारीख आहे.

कोर्ट कुठाय? हे काय, पारावर. घोंगड्यांवर दाटीवाटीनं बसलेली ही माणसं म्हणजे मजालस. परगण्याचे देशमुख-देशपांडे, शेजारगावचे पाटील, बोरू सरसावून बसलेले कुलकर्णी, कडेनं बलुतेदार. पानसुपारी, घाम आणि शेण, तिन्हींचा वास एकत्र. उंच खुर्चीत एकटा न्यायाधीश नाही. सगळं गोतच न्यायाला बसलंय. त्यामुळे एका वेळी सातजण बोलतायत.

वाद पाटीलकीचा. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीची पहिली पोळी कुणाची. हसू नका, यावर तुमच्या आजोबांचं डोकं फुटलंय. फिर्याद तुमची, म्हणून तुम्ही अग्रवादी. समोर मान वळवून बसलेला चुलतभाऊ पश्चिमवादी. वकील हवाय? वकील म्हणजे एका दरबारातून दुसऱ्या दरबारात बोलणी करायला जाणारा माणूस. इथे तोंड तुमचं तुम्हीच उघडायचं.

आधी जामीन द्या. कोठडीतून सुटायला नव्हे. तुम्ही मोकळेच आहात. वाद अर्धवट टाकून पळणार नाही, याची हमी दोघांनीही द्यायची. मग कारकून कागद पुढे सरकवतो. ‘राजीनामा लिहा.’ दचकलात? कुठली नोकरी सोडायची नाहीये. गोत करील तो निवाडा आपल्याला राजी, एवढंच लिहून द्यायचं.

तुमची तकरीर, म्हणजे तुमची बाजू, कागदावर उतरते. ओल्या शाईवर वाळू भुरभुरते. साक्षीदार कृष्णेच्या पाण्यात उभे राहून शपथ घेतात. तुमचे तुमच्यासारखं बोलतात, त्याचे त्याच्यासारखं. नदी निमूट वाहते.

आता काय? पारावर पहिल्यांदाच शांतता. कुणीतरी खाकरून म्हणतं, ‘दिव्य करावं.’

तुमची नखं काढतात. हात धुतात, उलटसुलट करून बघतात. प्रत्येक तीळ, प्रत्येक जुना वण कागदावर चढतो. तुमचा दावा लिहिलेलं भाळपत्र कपाळाला बांधतात. ते घामानं भिजून भुवईवर घसरतंय. देवळापुढे कढई तापलीय, तेलातुपाचा वास थेट लग्नघरातल्या तळणासारखा, आणि नेमकी याच वेळी तुम्हाला भूक लागते! तळाशी धातूचा बारका तुकडा आहे, रवा. तो बोटांनी काढायचा. वाफ तोंडावर येते, सगळं गाव श्वास धरतं, हात आत जातो आणि... ओरडलात की नाही, ते तुम्हालाही आठवत नाही.

लगेच हातावर पिशवी, तोंडाशी मोहोर. आता तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा. आत खाज सुटली तर सोसा. ती भाजल्याची की भीतीची, हे रात्रभर ठरत नाही. बायको घास भरवते आणि काहीच विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी मोहोर फुटते. वीस डोकी तुमच्या तळव्यावर वाकतात, जुन्या वणांची यादी मोठ्यानं वाचली जाते. नवा फोड नाही. खरे ठरलात!

चुलतभावाला येजितखत लिहून द्यावं लागतं, हरल्याचा कबुलीकागद, तोही तुमच्याच नावानं. मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार होतो. कागदाला कागद चिकटवत त्याची लांबलचक गुंडाळी होते. खाली पाटलांचे नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्याचं हत्यार तीच त्याची सही.

तुम्ही गुंडाळी काखेत मारून निघता, तोच कारकून पुन्हा खाकरतो. हरलेल्यानं गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायची, हे ठीक. पण जिंकलेल्यानंही सरकारात हरकी भरायची असते, आनंदाबद्दल. आकडा ऐकून डावा हात पैशांचा कसा चाचपू लागतो. उजव्याला अजून तुपाचा वास येतोय.