लाइफटाइम, फुल टॉकटाइम आणि वाशी स्टेशनची छत्री

२००६ च्या गणपतीला घरी जाताना मी आईसाठी मोबाइल नेला. महाप्याला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. हँडसेट एका मित्राचा वापरलेला नोकिया, आणि सिमकार्ड नवंकोरं, वाशी स्टेशनबाहेरच्या छत्रीखालून घेतलेलं.

त्या काळात नवी मुंबईत राहिलेल्यांना या छत्र्या आठवत असतील. स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षांच्या रांगेआधी कंपन्यांच्या रंगीत छत्र्यांची रांग लागायची. प्रत्येक छत्रीखाली एक फोल्डिंगचं टेबल, कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक घामाघूम मुलगा आणि अर्जांचा गठ्ठा. "सर, लाइफटाइम! एक बार नौसौ निन्यानवे, फिर जिंदगीभर इनकमिंग फ्री." मी त्याला स्पष्ट विचारलं, की फोन सातारा जिल्ह्यात वापरायचा आहे, रोमिंग लागेल का? तो म्हणाला, "सर, मुंबई-महाराष्ट्र अभी एक ही हो गया है. सरकार का नियम है."

मी ९९९ रुपये मोजले. दिवसभर मशीनकडून चुका काढून घ्यायचा पगार घेणाऱ्या माणसाने छत्रीखालच्या मुलाच्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. असो.

पुढचे दोन महिने आई फोनवर फार तुटक बोलायची. "हो, बरंय, जेवलास ना, ठेवते." मला वाटायचं, शाळेच्या गडबडीत असेल (ती झेडपीच्या शाळेत शिकवायची), किंवा मी शहरात येऊन बदललो असं तिला वाटत असेल. मनाला लावूनही घेतलं थोडं. मग ऑक्टोबरमधल्या एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घरची लँडलाइन पावसाळ्यात बंद पडली होती ती बंदच होती. आईने मोबाइल हातात घेतला तर बॅलन्स शून्य. मी नेहमीप्रमाणे दहाला लावला तर फोन लागेना. तिने सकाळी सहा वाजता एसटी स्टँडवरच्या पीसीओवरून मला उठवलं. बाबांचं पित्त निघालं, काळजीचं काही नव्हतं. पण ती रात्र आईने एकटीने काढली होती.

"अगं, इनकमिंग तर फ्री आहे, बॅलन्स संपला कसा?"

"तू फोन केलास की माझे पैसे जातात," आई म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे."

दिवाळीला घरी गेल्यावर मी ओसरीत उभं राहून चक्क डीबगिंग केलं. आईचा बॅलन्स बघितला, माझ्या फोनवरून तिला कॉल केला, एक मिनिट घड्याळ लावून गप्प बसलो, परत बॅलन्स बघितला. पैसे कापले गेले होते. आईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. वाशीचं कार्ड गावात रोमिंगवर होतं, आणि प्रीपेडवर रोमिंगमध्ये असताना बॅलन्स शून्य झाला की येणारा फोनही लागत नसे.

म्हणजे मुलगा धादांत खोटं बोलला? तर गंमत अशी, की अर्धंच.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाच्या सुमारास सरकारने मोबाइलसाठी देशाचे तुकडे पाडले, ज्यांना आपण सर्कल म्हणतो. आधी चार महानगरांचे परवाने दिले, मग राज्यांचे. मुंबई सर्कलची हद्द आखली ती टेलिफोन एक्स्चेंजच्या नकाशावरून: मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण. बाकीचं राज्य 'महाराष्ट्र सर्कल', आणि त्यात गोवाही. म्हणजे त्या नकाशात महाराष्ट्रात पणजी होती, पण मुंबई नव्हती! संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्लेल्या आमच्या आजोबांना हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. एक्स्प्रेसवेने पुण्याकडे निघालं की घाटाच्या आसपास फोन थरथरायचा आणि स्वागताचा एसएमएस यायचा, तो या हद्दीचा दगड.

पुढे २००५ मध्ये दूरसंचार खात्याने मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातले कॉल एकाच सर्कलमधले धरायला परवानगी दिली (चेन्नई-तमिळनाडू, कोलकाता-बंगाल आणि उत्तर प्रदेशच्या दोन सर्कलनाही तसंच). म्हणजे वाशीहून साताऱ्याला लावलेला फोन एसटीडी राहिला नाही. 'सरकारचा नियम' खरा होता. पण तो कॉलच्या दरापुरता. वाशीचं कार्ड साताऱ्यात नेलं की रोमिंग चालूच. मुलाने पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गाळलं. त्याला दुसरं माहीत होतं की नाही, यावर मी अजून विचार करतो.

कारण त्याची कमाई कशात होती ते बघा. रिचार्ज विकणाऱ्या दुकानदाराला शंभरामागे थोडके रुपये सुटायचे. नव्या कार्डावर मिळणारं कमिशन त्याहून कितीतरी मोठं. कंपन्या दर महिन्याला नव्या ग्राहकांचा आकडा मिरवायच्या, आणि तो आकडा या छत्र्यांखाली तयार व्हायचा. कार्ड सुरू झालं की मुलाचं काम संपलं. ते साताऱ्यात चालतं की चंद्रावर, याचा त्याच्या पगाराशी संबंध नव्हता.

आणि मुळात प्रीपेड ही गोष्टच वाण्याच्या वहीच्या उलट आहे. उधारीत वाणी गिऱ्हाइकावर विश्वास ठेवतो, पैसे बुडाले तर वसुलीला त्याने दारात यायचं. प्रीपेडमध्ये पैसे आधी कंपनीकडे जातात, गडबड झाली तर हेलपाटे आपण घालायचे. तेसुद्धा तेरा रुपयांसाठी! शंभरच्या रिचार्जवर फुल टॉकटाइम न मिळता ८७ मिळाले, म्हणून हाफ डे टाकून कुणी भांडायला गेल्याचं मला आठवत नाही.

ते १३ रुपये जायचे कुठे? हा हिशेब मी तेव्हा डबा खाताना एक्सेलमध्ये मांडला होता. २००८ मध्ये सेवाकर उपकरांसह १२.३६ टक्के होता. शंभर रुपये करासकट धरले तर ११ रुपये कर. त्याच वर्षी ट्रायने टॉप-अपवरची प्रोसेसिंग फी जास्तीत जास्त २ रुपये ठरवली. ११ अधिक २, झाले तेरा. पण हेच २ रुपये दहाच्या रिचार्जवरही घेता येत होते, म्हणजे वीस टक्के. कोपरखैरणेच्या नाक्यावर रोज दहा-दहाचं रिचार्ज मारणारा बिगारी महिन्याला जेवढी फी भरत होता, तेवढी मी एसीत बसून भरत नव्हतो. २०१२ मध्ये नियम बदलला: किमतीच्या १० टक्के किंवा ३ रुपये, यातलं जे कमी ते. २०१७ ला जीएसटी आल्यावर १८ टक्के कर धरून शंभराचे ८१.७५ आणि दहाचे ७.४७ होतात ते याच सूत्राने. दुकानदाराने पैसे खाल्ले म्हणून ज्या दुकानदारांशी मी त्या वर्षांत हुज्जत घातली, त्यांची इथे माफी मागतो. एक सोडून. तो खरंच खात होता. टॉप-अप मागितला की तो कॉलदर कमी करणारा पॅक मारायचा, पैसे जायचे आणि बॅलन्स तसूभर वाढायचा नाही.

अशा प्रकारांवर २०१२ चाच दुसरा एक नियम होता. ट्रायने रिचार्जच्या कूपनांना रंगांच्या पट्ट्या सक्तीच्या केल्या: प्लॅनला लाल, टॉप-अपला हिरवी, स्पेशल टॅरिफला पिवळी. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. कल्पना झकास, फक्त तोपर्यंत कूपन नखाने खरवडायचे दिवस सरत आले होते. दुकानदार आपल्या मोबाइलवरून ई-रिचार्ज मारत होता आणि त्याच्या स्क्रीनवर आपल्याला ना हिरवी पट्टी दिसत होती ना पिवळी. आमच्या धंद्यातही हे नेहमी होतं. बग सुटतो तेव्हा ते फीचर कुणी वापरत नसतं.

आता 'लाइफटाइम'. डिसेंबर २००५ मध्ये एकामागोमाग एक कंपन्यांनी या योजना आणल्या. ९९९ हा आकडा तेव्हा होर्डिंगवर सगळीकडे दिसायचा. लवकरच प्रश्न निघाला, की लाइफ म्हणजे कुणाचं? ग्राहकाचं की हँडसेटचं? ट्रायने खुलासा केला तो असा, की कंपनीचा परवाना आहे तोवर. परवाने वीस वर्षांचे. मुंबई सर्कलचे पहिले दोन परवाने १९९४ च्या नोव्हेंबरातले, म्हणजे मुदत २०१४ च्या नोव्हेंबरात संपणार. त्यांच्या ग्राहकाला २००६ साली विकलेलं आयुष्य मोजून आठ वर्षांचं! आणि हे नुसतं कागदावर राहिलं नाही. त्या दोनांतली एक बीपीएल मोबाइल, जी पुढे लूप झाली, तिचा परवाना २९ नोव्हेंबर २०१४ ला संपला आणि सेवाही बंद झाली. माझ्या ओळखीचे निम्मे मुंबईकर शेवटच्या दिवसांत नंबर पोर्ट करायला रांगेत होते.

माझ्या आईच्या कार्डाच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, रोमिंगचं लिहिलेलं होतं. सहा महिन्यांतून एकदा ठरावीक रक्कम भरली नाही तर आयुष्य संपेल, हेही लिहिलेलं होतं. दोष वाचणाऱ्याचा.

दिवाळीनंतर मी तावातावाने वाशीला गेलो. छत्री होती, मुलगा नवा. जुना मुलगा चार छत्र्या सोडून, दुसऱ्या रंगाच्या टी-शर्टात. त्याने मला लगेच ओळखलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सर, वो कंपनी बेकार है. ये ले लो, इसमें रोमिंग का झंझट नहीं." मी हसलो की चिडलो ते आठवत नाही. कार्ड मात्र घेतलं नाही.

तक्रार करायची तर कुठे? कॉल सेंटरने सांगितलं, आमच्या नोंदीत सगळं बरोबर आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार निवाड्याला घेत नाही. ग्राहक मंच होता, पण तीन महिन्यांत मी गेलो नाही आणि पुढे दारच किलकिलं झालं: सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका टेलिफोन बिलाच्या प्रकरणात निकाल दिला, की असे वाद तार कायद्यातल्या लवादाकडे जातील, ग्राहक मंचाकडे नाही. त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या प्रकरणात ग्राहक मंचांचा अधिकार मान्य केला. मधल्या बारा वर्षांत कंपन्यांचे वकील तो जुना निकाल पुढे करत आले. देशभर प्रीपेडची वाढ झाली तीही नेमकी याच वर्षांत.

रोमिंगचं भूत मात्र हळूहळू उतरलं. फेब्रुवारी २००७ मध्ये ट्रायने रोमिंगवर येणाऱ्या कॉलला मिनिटाला १.७५ रुपयांची मर्यादा घातली, २०१३ मध्ये ती ७५ पैसे झाली, २०१५ मध्ये ४५. सप्टेंबर २०१६ मध्ये घणसोलीवाल्यांचं जिओ आलं आणि तो रकानाच बिनकामाचा झाला. तोवर मी आईचं तेच कार्ड चालवलं, कारण नंबर सगळ्या नातेवाइकांकडे गेला होता. गावात मिळणारं कूपन महाराष्ट्र सर्कलचं, ते चालायचं नाही. मग मी वाशीला कूपन घ्यायचो, खरवडायचो आणि आकडे एसएमएस करायचो. आईला एसएमएस वाचत वाचत नंबर दाबता यायचा नाही, म्हणून ती आधी आकडे कालनिर्णयाच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची. चार-चारचे गट पाडून, शिक्षिकेच्या अक्षरात. ती कॅलेंडरं अजून घरी आहेत.

२०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी लाइफटाइमवाल्यांनाही महिन्याला किमान ३५ रुपये भरायला सांगितलं. बॅलन्स शिल्लक असताना फोन बंद करू नका, म्हणून ट्रायने हटकलं, पण रिवाज पडायचा तो पडला. 'महिना' म्हणजे २८ दिवस, हेही तोवर रुळलं होतं. वर्षात असे तेरा महिने बसतात आणि वर एक दिवस उरतो. आईने हे माझ्याआधी पकडलं. "तुमच्या कंप्युटरवाल्यांच्यात फक्त फेब्रुवारीच असतो का रे?" २०२२ च्या जानेवारीत ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायला लावला. आई तो त्याच तारखेवाला घेते. तारीख कालनिर्णयावर लिहिलेली असते.

आता तिच्याकडे स्मार्टफोन आहे, कॉल अमर्याद आहेत, रोमिंग नाही. परवा रात्री मी फोन केला. बाबांचं औषध, पाऊस, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, सगळं भराभर सांगून झालं. "बरं, जेवलास ना, ठेवते." मी स्क्रीनकडे बघितलं. ४३ सेकंद.