हायपोस्पेडियास

हायपोस्पेडियास (अधोमूत्रमार्गता) हा मुलग्यांमधील जन्मजात दोष असून त्यात मूत्रमार्गाचे छिद्र शिश्नाच्या टोकाला न उघडता खालच्या बाजूस, क्वचित वृषणकोशाजवळ उघडते. शिश्नाला खाली बाक असणे व अग्रत्वचा केवळ वरच्या बाजूस टोपीसारखी असणे ही इतर लक्षणे होत. साधारणतः २५० ते ३०० मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो. गर्भावस्थेत मूत्रमार्गाची खाच पूर्ण न मिटल्याने तो उद्भवतो. ग्रहण पाळण्या-न पाळण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

उपचार

औषधाने हा दोष जात नाही. शस्त्रक्रिया शक्यतो वयाच्या ६ ते १८ महिन्यांदरम्यान करतात. वॉरेन स्नॉडग्रास यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या, आज सर्वाधिक रूढ असलेल्या पद्धतीत मूत्रमार्गाच्या पट्टीला मध्यभागी उभा छेद देऊन तिचीच नळी शिवली जाते. बाक तीव्र असल्यास दोन टप्पे लागतात. नव्या मार्गासाठी व त्यावरील आवरणासाठी अग्रत्वचा उपयोगी पडत असल्याने अशा बालकाची सुंता आधी करू नये. नळीला छिद्र पडून लघवी झिरपणे व मुख अरुंद होणे हे नेहमीचे उपद्रव होत.

वृषणे हाताला लागत नसतील, तर लिंगनिश्चितीची घाई न करता गुणसूत्रे व संप्रेरके तपासणे अत्यावश्यक असते. असे बालक अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकाराची मुलगी असू शकते आणि त्या विकारात पहिल्याच काही आठवड्यांत क्षारऱ्हासाने प्राण जाण्याचा धोका असतो.

वाशिम जिल्ह्यातील सोय

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बालकांची तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाद्वारे होते. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. कार्यक्रमाच्या मूळ यादीतील नऊ जन्मदोषांत हायपोस्पेडियास नाही; त्यामुळे प्रसूतीनंतर बाळाला पाहणाऱ्या परिचारिकेची व आशा स्वयंसेविकेची नजर महत्त्वाची ठरते. बालशल्यतज्ज्ञासाठी अकोला, अमरावती वा नागपूर गाठावे लागते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असली, तरी बुडणारी मजुरी तिच्यात भरून निघत नाही. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; तथापि एमबीबीएसचे वर्ग भरणे म्हणजे बालशल्यविभाग उघडणे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर नळी साधारण आठवडाभर राहते, तपासणी मात्र वयात येईपर्यंत अधूनमधून करून घ्यावी लागते.