माथेरान : प्रशासकीय अधिकार व त्यांच्या मर्यादा

माथेरान : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गिरिस्थान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ते प्रकाशात आणले. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ पासून. इतिहास, वनस्पती व पर्यटन यांसाठी स्वतंत्र नोंदी पाहाव्यात.

केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरण संवेदनशील क्षेत्र घोषित केला. अशी अधिसूचना सर्वसाधारणपणे थेट काढता येत नाही. १९८६ च्या नियमांतील नियम ५ नुसार आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि ६० दिवसांत आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. क्षेत्रावर देखरेखीसाठी संनियंत्रण समिती असते. अधिसूचनेने निषिद्ध केलेल्या गोष्टीला नगरपरिषद किंवा जिल्हाधिकारी आपल्या अखत्यारीत परवानगी देऊ शकत नाहीत.

हातरिक्षांचा वाद हे या मर्यादांचे सर्वांत बोलके उदाहरण होय. माथेरानच्या वेशीवरील दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व सामानाची ने-आण घोडे आणि माणसांनी ओढलेल्या रिक्षा करीत. हातरिक्षावाल्यांची ई-रिक्षाची मागणी सर्वोच्च न्यायालयात वनसंरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात आली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. डिसेंबरपासून तीन महिने प्रयोग झाला. घोडेवाल्यांनी विरोध केला. २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या २० वर मर्यादित करून त्या केवळ हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्ष वाटपाबद्दल मात्र मतभेद झाले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन व न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पंजाबातील रिक्षाचालकांचा आझाद रिक्षा पुलर्स युनियन हा न्या. कृष्ण अय्यरांचा निर्णय येथे आधाराला घेतला गेला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन भाड्याने द्याव्यात. खरे हातरिक्षावाले संनियंत्रण समितीने जिल्हाधिकाऱ्यांच्या मदतीने निश्चित करावेत. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला व इतरांच्या उपजीविकेसाठी वापराव्यात, असे निर्देश होते. निधी नाही ही सबब चालणार नाही, हे न्यायालयाचे वाक्य कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. शासनाला वाहनबंदी पाळावी लागते. पण त्या बंदीच्या आड माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा चालू ठेवता येत नाही, ही भूमिका न्याय्यच म्हणावी लागेल.

पेव्हर ब्लॉक : रस्त्यांवर ते बसवण्यास फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. २०२५ च्या निर्णयात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच परवानगी. अंतर्गत रस्त्यांवर नाही.

बांधकामे : अनधिकृत बांधकामावरील कारवाईस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने, हटवण्यापूर्वी सर्वसाधारणपणे संबंधितांचे म्हणणे ऐकावे लागते, असे सांगितले होते. ते तत्त्व येथेही महत्त्वाचे ठरते.